'तुमचा अनुभव सांगा' म्हणून बोलावतात आणि मसुदा लिहिताना बाहेर बसवतात. पुन्हा जावं का?

सदाफुली | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी वयाच्या सहाव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत बालगृहात वाढले. आता २७ वर्षांची आहे, नोकरी करते. गेल्या महिन्यात एका बैठकीचं बोलावणं आलं. अठरानंतर संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी काय करता येईल, असा विषय. 'तुमच्यासारख्यांचं म्हणणं आम्हाला ऐकायचं आहे' असं पत्रात लिहिलं होतं. मी दोन रात्री जागून सहा मुद्दे लिहून काढले.

तिथे गेल्यावर पाहिलं तर कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'अनुभवकथन, ५ मिनिटं' असं छापलेलं. मी कागद काढला तशा सूत्रसंचालन करणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "मुद्दे नंतर बघू, आधी तुमची कहाणी सांगा ना, लोकांच्या मनाला भिडेल अशी." सांगितली. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला पुष्पगुच्छ दिला. मग मसुदा समिती आतल्या खोलीत गेली आणि मला आणि आणखी दोन मुलग्यांना फोटोसाठी बाहेर थांबायला सांगितलं. तो कागद अजून पर्समध्येच आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे आणि पुन्हा बोलावलंय. जावं का? गेले तर आधी काय ठरवून घ्यावं? ज्यांनी असं काम केलंय, किंवा टेबलाच्या त्या बाजूला बसलेत, त्यांनी कृपया लिहा.

---

जलतरंग | १२ जून, रात्री १०.०५

जा. न जाऊन त्यांचं काहीच बिघडणार नाही. आणि ते सहा मुद्दे इथे टाका ना, ते वाचल्याशिवाय काय बोलणार आम्ही?

---

सदाफुली | १२ जून, रात्री १०.५२

टाकते. पहिला कागदपत्रांचा. जन्मदाखला, आधार, शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद हे सगळं मूल सोळा वर्षांचं झाल्यापासून गोळा करायला घ्यावं, सुटकेच्या आदल्या आठवड्यात नाही. दुसरा, बँकेचं खातं मुलाला स्वतः चालवायला शिकवावं. तिसरा, भावंडं वेगवेगळ्या संस्थांत ठेवली असतील तर त्यांच्या भेटीची तारीख लेखी ठरलेली असावी. माझा भाऊ मुलांच्या संस्थेत होता. वर्षातून दोनदा भेटायचा, कधी एकदाच. चौथा, भाड्याच्या घरासाठी जामीन राहणारं कुणीतरी. पाचवा, दवाखान्यात 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात काय लिहायचं याची काहीतरी सोय.

सहावा मुद्दा समजावायला जरा अवघड आहे. मी निघाले त्या दिवशी कचेरीत नोंदवहीवर सही करायची होती. एका रकान्यात 'मुलाचे नाव', पुढच्यात 'ताब्यात घेणाऱ्याचे नाव व सही'. लिपिकाने पेन हातात दिलं आणि मी घुटमळले. ते म्हणाले, "तुझंच लिही." दोन्ही रकान्यांत माझंच नाव आहे. मी स्वतःला ताब्यात घेऊन बाहेर पडले. त्या दिवशी कुणीतरी फाटकापर्यंत सोबत यावं, आणि महिन्याभराने 'कशी आहेस' म्हणून एक फोन करावा, हा माझा सहावा मुद्दा. त्याला योजनेचं नाव काय द्यायचं ते मला सुचलं नाही.

---

जलतरंग | १२ जून, रात्री ११.१०

त्या नोंदवहीचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

विभा_क | १३ जून, सकाळी ७.३०

सदाफुली, मी त्या टेबलाच्या पलीकडची. मुलींच्या बालगृहात अधीक्षिका म्हणून १९ वर्षं काढून निवृत्त झाले. तुला 'अगं' म्हटलं तर चालेल ना?

मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. एकेका मुलाच्या अनुभवावर धोरण ठरवायला मी घाबरते. माझ्याकडे एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुली होत्या. एक म्हणायची, संस्थेने मला आणखी तीन वर्षं ठेवायला हवं होतं. दुसरी म्हणायची, मला पंधराव्या वर्षीच मोकळं सोडायला हवं होतं. दोघींचं खरं. नियम कुणाच्या बाजूने लिहायचा? शिवाय अधिकाऱ्याला पदं किती भरलेली आहेत, अनुदान कधी येतं, एका काळजीवाहिकेकडे किती मुली आहेत, हे सगळं बघावं लागतं. मुलांना ते दिसत नाही.

दुसरी काळजी मुलांचीच. अशा व्यासपीठांवर मुलांना उभं करतात, ती सगळं उकरून सांगतात आणि रात्री वसतिगृहात परत येऊन रडतात. ती रात्र आम्ही काढलेली असते. म्हणून मी माझ्या मुलींना सहसा कार्यक्रमांना पाठवायची नाही.

---

सदाफुली | १३ जून, सकाळी ८.१५

विभाताई, 'अगं' म्हणा. तुमची दुसरी काळजी अगदी मान्य, त्या बैठकीच्या रात्री मलाही झोप लागली नाही. पण त्यावर उपाय मुलांना पाठवू नये हा असेल, की त्यांच्याकडून कहाणी मागू नये हा? मला मुद्दे मांडायचे होते. रडवायचं नव्हतं कुणालाच.

---

कलमदान | १३ जून, सकाळी ११.२०

मी वकील आहे, बाल न्यायाच्या प्रकरणांत अधूनमधून उभा राहतो. कायद्यात काय आहे ते आधी मांडतो, म्हणजे मागताना आपण उपकार मागत नाही हे ध्यानात राहील.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं कलम १२ सांगतं की मुलाशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्याला मत मांडायचा हक्क आहे आणि त्याच्या वयाप्रमाणे, समजेप्रमाणे त्या मताला वजन द्यायचं आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. बाल न्याय अधिनियम २०१५ मधल्या तत्त्वांतही सहभागाचं तत्त्व आहेच. त्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक संस्थेत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा तीन वयोगटांच्या बाल समित्या सांगितल्या आहेत. कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्याला आर्थिक साहाय्याची तरतूद आहे आणि अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या मदतीची, व्याख्या १८ ते २१ वयासाठी आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेत.

आता मला खटकतं ते. मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीवर सदस्य व्हायला ठरावीक विषयांतली पदवी लागते, आणि तिच्या जोडीला बालकांच्या आरोग्य, शिक्षण, कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव किंवा त्या विषयातला चालू व्यवसाय. ते योग्यच. पण सदाफुली बारा वर्षं त्या व्यवस्थेच्या आत राहिल्या, ती बारा वर्षं कुठल्याच रकान्यात 'अनुभव' म्हणून बसत नाहीत.

---

विभा_क | १३ जून, दुपारी १२.४०

बाल समित्यांबद्दल कलमदान यांनी लिहिलंय ते बरोबर, पण खरं सांगते, पुष्कळ ठिकाणी समितीचं इतिवृत्त लिपिकच लिहितो. 'मुलांनी समाधान व्यक्त केले.' दर महिन्याला तेच वाक्य. माझ्याकडेही पहिली काही वर्षं हेच चालायचं, हे कबूल करायला हवं.

मग एकदा मी लहान मुलींच्या समितीत स्वतः जाऊन बसले. आठ वर्षांची एक चिमुरडी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तक्रारपेटी फार वर आहे. आमचा हात पोचत नाही. मोठ्या ताईला चिठ्ठी द्यावी लागते आणि ती वाचते." ती पेटी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली होती. तपासणीला किती अधिकारी येऊन गेले, सगळ्यांनी 'पेटी आहे' अशी खूण केली होती. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून ती खाली घेतली. त्या आठवड्यात पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या.

सकाळी मी लिहिलं की मुलांना सगळं दिसत नाही. हे आठवल्यावर वाटतंय, आम्हालाही दिसत नव्हतं.

---

कौशिक_ज | १३ जून, दुपारी ३.०५

विषय महत्त्वाचा आहे, पण एक अडचण मांडतो. बैठकीला बोलावलेले तरुण कोण असतात? जे शिकले, नोकरीला लागले, चार लोकांत बोलू शकतात ते. जो संस्थेतून पळून गेला, जो व्यसनात अडकला, ज्याला बोलताच येत नाही, त्याला कोण बोलावणार? म्हणजे 'मुलांचं मत' म्हणून जे नोंदवलं जातं ते तरून गेलेल्यांचं मत असतं. त्यापेक्षा नीट पाहणी करून आकडेवारीवर धोरण ठरवलं तर जास्त न्याय्य नाही का होणार?

---

उन्हाळपाखरू | १३ जून, दुपारी ३.३०

ज्याचं जळतं त्यालाच कळतं हो. आकडेवारी काढणाऱ्याला पेटीची उंची मोजायचं सुचलं असतं का?

---

कौशिक_ज | १३ जून, दुपारी ३.४४

मान्य, नसतं सुचलं. पण माझा प्रश्न तसाच आहे. पेटीबद्दल सांगायला ती मुलगी निदान त्या खोलीत होती. जे खोलीत नाहीत त्यांचं काय?

---

रानजाई | १३ जून, रात्री ११.५०

कौशिक, तुमच्या प्रश्नावर इथे काय केलं ते सांगते. मी स्कॉटलंडमध्ये मुलांच्या सेवांत काम करते. इथे २०१७ ते २०२० असा संपूर्ण संगोपन व्यवस्थेचा स्वतंत्र आढावा झाला. ५,५०० हून जास्त अनुभव ऐकले गेले. त्यातले निम्म्याहून जास्त आवाज व्यवस्थेत असलेल्या मुलांचे, त्यात वाढलेल्या मोठ्या माणसांचे आणि वेगवेगळ्या कुटुंबांचे होते, उरलेले तिथे काम करणाऱ्यांचे. एवढ्या लोकांपर्यंत पोचायचं तर एका सभागृहात माइक ठेवून भागत नाही, माणसं असतात तिथे जावं लागतं. फेब्रुवारी २०२० मध्ये जो अहवाल आला त्याचं नाव 'द प्रॉमिस', म्हणजे वचन. ते २०३० पर्यंत पाळायचं ठरलंय.

सदाफुली, तुझा तिसरा मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण इथल्या मुलांनीही सगळ्यात जोर लावला तो भावंडांसाठीच. जुलै २०२१ पासून इथल्या स्थानिक प्रशासनावर कायदेशीर जबाबदारी आहे: मुलाच्या हिताचं असेल तिथे भावंडांना एकत्रच ठेवायचं, आणि वेगळं ठेवावं लागलं तर त्यांचं नातं टिकेल असं बघायचं. व्यवस्थेत वाढलेल्या २६ वर्षांखालच्या तरुणांना २०१८ पासून घरावरचा स्थानिक कर माफ आहे. या गोष्टी वरून कुणाच्या तरी मनात आल्या म्हणून झाल्या नाहीत, मुलं वर्षानुवर्षं मागत होती.

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही. माझ्याकडची सतरा वर्षांची एक मुलगी मला विचारते, "आम्ही सांगितलं त्यातलं किती झालं?" आणि तिला पूर्ण उत्तर देता येत नाही. ऐकणं जमलं, करणं रेंगाळतंय.

---

माळावरचा | १४ जून, पहाटे १.२०

मीपण संस्थेतलाच. १८ ला बाहेर पडलो. मला कुठे जाऊन काही सांगायचं नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही, माहीत व्हावं अशी इच्छाही नाही. सगळ्यांनी पुढे येऊन बोललं पाहिजे असं इथे कुणी म्हणू नये एवढंच.

---

रानजाई | १४ जून, पहाटे १.४०

माळावरचा, कुणीही तसं म्हणू नये. गप्प राहणं हा तुमचा हक्क आहे. इथे आम्ही मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो की 'यावर मला बोलायचं नाही' हेही उत्तर आहे आणि त्याचं कारण देत बसावं लागत नाही.

---

ओंजळ | १४ जून, सकाळी ६.१०

अमेरिकेतून लिहितेय. आम्ही नवरा-बायको सात वर्षं प्रतिपालक कुटुंब म्हणून काम करतोय. इथे बहुतेक मुलं संस्थेऐवजी अशा घरांत राहतात, त्यामुळे प्रश्न थोडे वेगळे, पण मूळ तेच.

आमच्याकडे आलेली पंधरा वर्षांची मुलगी दारात उभी होती तेव्हा तिच्या हातात दोन काळ्या पिशव्या होत्या. कचऱ्याच्या. त्यात कपडे, एक उशी, शाळेची पुस्तकं. ते घर तिचं सहावं. मी त्या घ्यायला हात पुढे केला तर तिने एक पिशवी मागे ओढली. त्यात तिच्या लहान बहिणीचा स्वेटर होता हे मला दोन महिन्यांनी कळलं. इथे मुलांना सामानासकट हलवताना कचऱ्याच्या पिशव्या देऊ नका, ही मागणी व्यवस्थेतल्या तरुणांनीच लावून धरली. आता काही राज्यांनी त्यावर कायदेही केलेत. बॅगेसारखी साधी गोष्ट, पण ती हातात धरणाऱ्यालाच माहीत.

दुसरं, मैत्रिणीकडे रात्री राहायला जाणं. पूर्वी त्यासाठी परवानग्यांचा असा घोळ असायचा की मुली विचारायच्याच नाहीत. मैत्रिणीच्या आईवडिलांची चौकशी होणार म्हटल्यावर कुठली मुलगी जाईल? २०१४ च्या संघराज्याच्या कायद्याने हे निर्णय सांभाळणाऱ्या पालकाने शहाण्या आईबापासारखे घ्यावेत असं ठरवलं. त्याच कायद्याने १४ वर्षांवरच्या मुलाला स्वतःचा आराखडा ठरवताना सामील करून घेणं बंधनकारक केलं आणि त्या बैठकीत स्वतःच्या पसंतीची दोन माणसं आणायची मुभा दिली. १८ ला बाहेर पडताना जन्मदाखला, ओळखपत्र, वैद्यकीय नोंदी हातात द्यायच्या, हेही त्यातच. सदाफुलीचा पहिला मुद्दा!

आमच्या मुलीने तिच्या बैठकीत बास्केटबॉलच्या प्रशिक्षक बाईंना नेलं होतं. परत येताना गाडीत म्हणाली, "आज पहिल्यांदा खोलीत कुणीतरी असं होतं ज्याला माझ्यासाठी पगार मिळत नाही."

---

उन्हाळपाखरू | १४ जून, सकाळी ९.००

पगारावरून आठवलं. सदाफुली, तुम्हाला त्या दिवसाचं मानधन दिलं का हो?

---

सदाफुली | १४ जून, सकाळी ९.२५

नाही. रजा टाकून गेले होते. प्रवासखर्चाचा अर्ज भरायला दिला होता. त्यात 'पदनाम' आणि 'संस्था' हे रकाने होते. मी ते रिकामे सोडले आणि अर्ज परत आला.

---

उन्हाळपाखरू | १४ जून, सकाळी ९.४०

मग ही पहिली अट. त्या खोलीतला प्रत्येक माणूस त्या दिवसाच्या पगारावर असतो. सल्लागार म्हणून बोलावलं तर सल्लागाराचं मानधन द्यावं, नाहीतर सल्लागार म्हणू नये. मी एका वेगळ्या क्षेत्रात सल्ल्याचं काम करते. फुकट दिलेला सल्ला लोक फुकटासारखाच वापरतात, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

---

विभा_क | १४ जून, सकाळी १०.३०

उन्हाळपाखरू यांच्याशी सहमत. 'पदनाम' या रकान्यात काय लिहायचं ते बैठक बोलावणाऱ्यांनीच आधी ठरवून पत्रात लिहावं: 'विषयतज्ज्ञ'. मी शासकीय कागदांत आयुष्य घातलंय. पत्रात शब्द आला की पुढे लेखा विभाग अडवत नाही.

---

दूरचा_दिवा | १४ जून, दुपारी २.१५

थोडं अवांतर. या धाग्यावर अजून कुणी 'अनाथ' हा शब्द वापरला नाही याचं बरं वाटलं. मी बालगृहात शिकवणीला जायचो. तिथल्या पुष्कळ मुलांना आई होती, वडील होते, आजी होती. गरिबी, आजारपण, घरातली मारहाण अशी येण्याची कारणं वेगळीच होती. बाहेर मात्र सगळ्यांना सरसकट 'अनाथाश्रमातली'.

---

कलमदान | १४ जून, दुपारी ३.००

दूरचा_दिवा, भावना समजते. पण त्या शब्दामुळे एक मोठी गोष्ट घडली आहे, ती सांगतो. अमृता करवंदे या संस्थेत वाढलेल्या तरुणीने राज्यसेवेची परीक्षा दिली. जातीचा पत्ता नाही, म्हणून खुल्या गटात. पाठीशी ना घर ना कागद. ती गप्प बसली नाही, मंत्रालयापर्यंत गेली, मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शासकीय नोकरीत आणि शिक्षणात १ टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. व्यवस्थेतून आलेल्या एका मुलीने धोरण कसं बदललं याचं आपल्याकडचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तिला कुणी सल्लागार समितीवर नेमलं नव्हतं. ती स्वतः दारं ठोठावत गेली. पण दर वेळी एकेका मुलीने एवढं चालत जायचं का?

---

दूरचा_दिवा | १४ जून, दुपारी ३.२५

हे मोठंच आहे. तरी व्याख्येचा प्रश्न उरतोच. आई जिवंत आहे पण सांभाळू शकत नाही अशा मुलीच्या पाठीशीही अठराव्या वर्षी कुणी नसतं, आणि 'अनाथ' प्रमाणपत्रात ती बसत नाही. शब्द कुणाला आत घेतो आणि कुणाला बाहेर ठेवतो हे त्या मुलींनाच विचारून ठरायला हवं.

---

रानजाई | १४ जून, रात्री १०.२०

शब्दांबद्दल आणखी एक. इंग्लंडमध्ये २०१९ साली व्यवस्थेतल्या मुलांकडून पर्यायी शब्द गोळा केले गेले. मूल जिथे राहायला ठेवतात त्या जागेला कागदोपत्री 'प्लेसमेंट' म्हणतात. मुलं म्हणाली, 'घर' म्हणा. आईवडिलांना भेटण्याला कागदात 'कॉन्टॅक्ट' असा शब्द आहे. मुलं म्हणाली, 'घरच्यांना भेटणं' म्हणा ना, बाकी सगळे तसंच म्हणतात. तेव्हापासून मी माझ्या अहवालांत तो शब्द लिहीत नाही. एकदा मूल मोठं होऊन स्वतःची फाइल वाचायला मागतं, तेव्हा तिथे कुठले शब्द असावेत हा विचार करून लिहिते.

---

माळावरचा | १५ जून, रात्री १२.४५

फाइल वाचायला मिळते?

---

रानजाई | १५ जून, रात्री १.०५

इथे मागता येते, हो. दुसऱ्या माणसांची खाजगी माहिती काळी करून देतात. काहींच्या फाइलमध्ये बाळपणीचा एकुलता एक फोटो सापडतो.

---

माळावरचा | १५ जून, रात्री १.१०

माझ्याकडे दहा वर्षांच्या आधीचा एकही फोटो नाही.

---

सदाफुली | १५ जून, सकाळी ७.००

माळावरचा, माझा सातवा मुद्दा हा. आजच कागदावर लिहिला. फाइल आणि फोटो. नाव कुणाचंच लिहिलेलं नाही.

---

कौशिक_ज | १५ जून, सकाळी ११.३०

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता वरच्या चार प्रतिसादांत मिळालं. एकाने बैठकीला जायचं, पण जाण्याआधी जे येणार नाहीत त्यांना विचारायचं. हे आकडेवारीतून आलं नसतं. सदाफुली, तुम्हाला मान्य असेल तर एक साधी प्रश्नावली करून देतो, निनावी. संस्था सोडलेल्या तुमच्या ओळखीच्यांना पाठवा. हे माझं रोजचंच काम आहे, पैसे घेणार नाही.

---

उन्हाळपाखरू | १५ जून, सकाळी ११.४५

कौशिक, मी काल काय लिहिलं ते विसरलात! 🙂 तुम्ही मात्र फुकट द्या, तुम्हाला सूट.

---

सदाफुली | १५ जून, रात्री ९.१०

कौशिक, मनापासून धन्यवाद. प्रश्न पाचांपेक्षा जास्त नकोत, आणि 'तुमच्यावर काय प्रसंग आला' असा एकही नको. काय बदललं पाहिजे एवढंच विचारायचं.

बैठक बोलावणाऱ्यांना पत्र पाठवतेय. कहाणी सांगणार नाही, मुद्दे मांडेन. मसुदा लिहिताना आत बसेन. मानधन आणि प्रवासखर्च. 'विषयतज्ज्ञ' हा शब्द. फोटो आधी विचारून. आणि मी सांगितलेल्या मुद्द्यांचं काय झालं ते तीन महिन्यांत लेखी कळवावं, नाकारले असतील तर कारणासकट. विभाताई, पत्राची भाषा तुम्ही तपासाल का?

---

विभा_क | १५ जून, रात्री ९.३०

पाठव. आजच बघते. आणि 'विनंती आहे' असं एकदाच लिही, प्रत्येक ओळीत नको.

---

सदाफुली | २४ जुलै, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. बैठक झाली.

पत्राला उत्तर आलं नव्हतं. दोनदा फोन केला तेव्हा 'या, बघू' म्हणाले. तिथे गेल्यावर कार्यक्रमपत्रिकेत 'अनुभवकथन' नव्हतं, माझ्या नावापुढे 'सूचना, १५ मिनिटं' होतं. कौशिक यांच्या प्रश्नावलीला ४३ जणांनी उत्तरं दिली होती, ती छापून नेली. सगळ्यात जास्त लोकांनी काय लिहिलं होतं माहितीये? पैसे नाही, घर नाही. 'बाहेर पडल्यावर सुरुवातीला फोन करायला एक माणूस.' ज्याला मी योजनेचं नाव देऊ शकले नव्हते तेच.

मसुद्याच्या खोलीत सुरुवातीला खुर्ची नव्हती. खरंच नव्हती, मोजून मांडलेल्या होत्या. मी बाहेरून एक उचलून आणली. एक वरिष्ठ अधिकारी म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही घेऊ की तुमचे मुद्दे." मी म्हटलं, सर, घेताना मी समोर असले तर बरं. मग ते काही बोलले नाहीत.

कागदपत्रं सोळाव्या वर्षापासून, हे मसुद्यात आलं. भावंडांच्या भेटीचं आलं, पण 'शक्यतो' हा शब्द घालून. 'शक्यतो'वर मी वीस मिनिटं भांडले, निघाला नाही. जामिनाचा मुद्दा 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून वगळला. फाइल आणि फोटो यावर 'पुढील बैठकीत चर्चा'. फोन करणाऱ्या माणसाचं एका बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "हे काम कुणाचं?" कुणीच उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी बाहेर पडलेल्यांचं असू शकतं, पण त्याचं मानधन द्या. तेवढ्यावर थांबलंय.

मानधन मंजूर झालंय, अजून आलं नाही.

---

ओंजळ | २५ जुलै, सकाळी ५.५०

'शक्यतो' सोडू नकोस. पुढच्या वेळी विचार की शक्य नसेल तेव्हा कारण कुणी लिहायचं आणि कुठे. कारण लिहावं लागलं की पुष्कळ गोष्टी शक्य होतात.

---

विभा_क | २५ जुलै, सकाळी ८.००

ओंजळ यांचं अगदी बरोबर. 'लेखी कारण नोंदवून' एवढे तीन शब्द 'शक्यतो'च्या पुढे घालून घे. मी माझ्या बाजूने तेव्हाच्या दोन सहकारी अधीक्षिकांशी बोललेय, त्या नोंदवहीतला तो रकाना बदलायला तयार आहेत. 'ताब्यात घेणाऱ्याचे नाव' ऐवजी 'सोबत कोण आले'.

---

माळावरचा | २५ जुलै, रात्री ११.३०

फाइलवर चर्चा असेल त्या बैठकीला मी आलो तर चालेल का? बोलणार नाही. नुसता बसेन.

---

सदाफुली | २५ जुलै, रात्री ११.३८

ये. तारीख कळली की सांगते. खुर्ची मी आधीच दोन सांगून ठेवेन.